आबांची तसबीर आणि चिंचेचं पाणी

हस्तिदंताचं काम करते असं मी कुणाला सांगितलं, की समोरचा माणूस आधी दाराकडे बघतो. मग आवाज खाली आणून विचारतो, "विकायचं असतं का?"

म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. मी विकत नाही, विकत घेत नाही, गिऱ्हाईक आणून देत नाही. हस्तिदंताचा व्यापार आपल्या देशात बंद आहे आणि तो बंद आहे हेच चांगलं आहे. पण बंदी यायच्या कितीतरी आधी घडलेल्या वस्तू लोकांच्या कपाटांत अजून पडून आहेत. डब्या, फण्या, सोंगट्या, काठ्यांच्या मुठी आणि एखाद्या घरी हस्तिदंताच्या पातळ पापुद्र्यावर रंगवलेली तसबीर. आमच्या परभणीकडची माणसं नोकरीसाठी पिढ्यान् पिढ्या हैदराबादला जात राहिली आणि येताना अशा वस्तू घेऊन आली. त्या ओळखायच्या, त्यांची नोंद करून द्यायची आणि त्या तडकू नयेत म्हणून काय करायचं ते घरच्यांना शिकवायचं, एवढाच माझा धंदा. वस्तूचे सरकारी कागद नसतील तर मी पहिल्यांदा वनखात्याच्या कचेरीचा पत्ता देते. तो ऐकला की बरेच लोक मला चहा न देता निरोप देतात.

हे काम मी हैदराबादच्या एका संग्रहालयाच्या कोठीत शिकले. नवऱ्याची बदली परभणीला झाली तेव्हा नोकरी सुटली, सवयी राहिल्या. माझ्या पिशवीत भिंग, टॉर्च, टिपकागद, धुतलेली मलमलची फडकी, मोजपट्टी आणि पेन्सिल असते. पेन नसतं. पेन गळतं. कुणाच्याही घरी गेल्यावर मी आधी टेबल रिकामं करायला सांगते, मग पंखा बंद करायला सांगते, आणि वस्तू बघून झाल्याशिवाय चहा घेत नाही. चहा आणि हस्तिदंत एका टेबलावर ठेवायचे नाहीत. या एका नियमामुळे मी गर्विष्ठ आहे असं सेलूपासून पूर्णेपर्यंत पसरलं आहे.

ओळखायचं कसं, हे सगळे विचारतात. अवघड नाही. वस्तूच्या कापलेल्या टोकाशी भिंग धरायचं. हस्तिदंत असेल तर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. हाड असेल तर जाळी नसते, बारीक काळे ठिपके असतात. प्लॅस्टिक असेल तर बहुतेक वेळा साच्याची रेघ सापडते. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून लोक तापलेली सुई टोचतात, ते मात्र करू नका. पूर्णेच्या एका निवृत्त गृहस्थांनी खात्री करून घेण्याच्या नादात आजोबांच्या काठीच्या मुठीला इतकी भोकं पाडली, की ती मूठ आता मिठाच्या डबीसारखी दिसते. हस्तिदंतच होता. त्यांची खात्री पटली.

मानवतला एक कापसाचे व्यापारी आहेत. त्यांनी मला बुद्धिबळाचा संच दाखवायला बोलावलं. मखमलीच्या पेटीत, पेटी पिशवीत, पिशवी बँकेच्या लॉकरमधून आणलेली.

"मॅडम, आमच्या आजोबांना एका नवाबानं दिलेला हाय."

"कोणत्या?"

"ते कुणी विचारून ठेवलं न्हाई."

मी घोडा भिंगाखाली धरला. कपाळापासून शेपटीपर्यंत सरळ रेघ. उंट घेतला, तीच रेघ. राजाही तसाच.

"शेटजी, हत्तीच्या दाताला शिवण नसते."

त्यांनी राजा हातात घेऊन उलटा करून बघितला. मग म्हणाले, "म्हंजे लॉकर मोकळं झालं म्हणायचं."

"झालं. संच नातवाला खेळायला द्या."

पुढे कधीतरी ते मोंढ्याच्या बाजारात भेटले. नातू शाळेच्या स्पर्धेत पहिला आला होता. "नवाबानं दिलेलंच पावलं," म्हणाले. मी वाद घातला नाही.

याच्या अगदी उलट परभणीतल्या एक खाला. त्यांची हस्तिदंताची सुरमेदानी एवढी नितळ होती की मी विचारलं, "कुठे ठेवता?" त्या म्हणाल्या, "रखना क्या बेटा, रोज लगाती हूँ. सिरहाने पडी रहती." अंधारात बंद करून ठेवलेला हस्तिदंत पिवळा पडतो. उजेडात, हातात असलेला चांगला राहतो. संग्रहालयात आम्ही जे नियम पाठ केले होते त्यांतले निम्मे खालांच्या उशाशी आपोआप पाळले जात होते.

आता तसबिरीबद्दल. कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

हस्तिदंत इतका पातळ तासायचा की बोट मागे धरलं तर बोटाची सावली दिसावी. त्यावर डिंकात कालवलेल्या पाण्याच्या रंगांनी, केसाएवढ्या कुंचल्यानं, ठिपक्याशेजारी ठिपका टाकत चेहरा काढायचा. हस्तिदंताचा स्वतःचा उजेड त्या रंगातून बाहेर येतो, म्हणून गाल खरे वाटतात. कागदावर तसं होत नाही. वर रोगण नसतं, फक्त काच असते. म्हणजे ही तसबीर उन्हाला घाबरते, कोरड्या हवेला घाबरते, आणि पाण्याचा एक थेंब लागला तर रंग सुटतो. हे ज्यांना माहीत असतं ते तिला जपतात. ज्यांना कुणी सांगितलेलं नसतं, त्यांचा दोष नसतो.

मागच्या वर्षी पितृपक्ष संपत आला होता तेव्हा सकाळी मंजिरीचा फोन आला. मंजिरी माझ्या शेजारणीची मुलगी. सेलूला दिलेली, तिथल्याच शाळेत शिक्षिका.

"मावशी, आबा गेले."

मी खुर्चीत बसले. "कधी?"

"आत्ता. माझ्या हातानं."

मग ती रडायला लागली आणि हळूहळू उलगडा झाला. आबा म्हणजे तिच्या नवऱ्याचे खापरपणजोबा. निजामाच्या वेळी हैदराबादला मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांची कोंबडीच्या अंड्याएवढी तसबीर होती. हस्तिदंतावर रंगवलेली, पितळी चौकटीत काच लावलेली. ती देवघरात, पूर्वजांच्या चांदीच्या टाकांशेजारी लाल वस्त्रावर असायची. त्यांच्याकडे घट बसायच्या आधी सगळे देव घासून लख्ख करतात, कारण नवरात्रात देव हलवत नाहीत. मंजिरीनं चिंचेचा कोळ केला, टाक त्यात टाकले. तसबिरीची काच आतून धुरकट दिसत होती, म्हणून तिनं चौकटीची कडी उघडली आणि टाकांबरोबर आबांनाही आंघोळ घातली.

"पाण्यावर गुलाबी रंग आला, मावशी. मला वाटलं वर्षानुवर्षाचं कुंकू बसलंय आत. म्हणून अजून घासलं."

ते आबांचे गाल होते.

"आता कसे दिसतात?"

"पापडासारखे वळलेत."

"पंखा बंद कर. उन्हात ठेवू नकोस. केस वाळवायचं मशीन लावू नकोस."

पलीकडून बटण बंद केल्याचा आवाज आला.

"लावलंस?"

"थोडंसंच."

मी पिशवी उचलली. निघताना मानवतच्या वाघमारे सरांना फोन केला. सर चित्रकलेचे शिक्षक होते. आता निवृत्त आहेत. बारीक कुंचल्याचं काम त्यांच्याइतक्या शांत हातानं करणारा माणूस मला आमच्या भागात माहीत नाही. रंगाचे सुटलेले पोपडे परत बसवायचे असले की मी त्यांनाच बोलावते. मानवत रोडला ते गाडीत चढले. पांढरा शर्ट, खिशात भिंग, हातात डबा.

"ताई, पेशंट कितव्या मजल्यावरून पडलाय?"

"पडला नाही. चिंचेच्या पाण्यात उतरलाय."

"मग निदान उजळला असंल."

सेलूच्या घरात मंजिरी आणि तिचा नवरा निखिल आमची वाट बघत उभे होते. निखिल बँकेत आहे. त्यानं त्या दिवशी रजा काढली होती आणि दर थोड्या वेळानं तो चहा करत होता. टेबलावर स्टीलच्या ताटलीत आबा. मी भिंग धरलं. फेट्याचा सोनेरी काठ शाबूत, कारण तिथे रंगाचा थर जाड. अंगरख्याची दोन बटणं. अर्धी मिशी. एक कान. आणि डावा डोळा, तो मात्र लख्ख, पापणीच्या केसांसकट. बाकी सगळं फिकट पांढरं.

आम्ही तसबीर वाचवायच्या कामाला लागलो. ओला हस्तिदंत घाईनं वाळवला की तडकतो, जोर लावून सपाट केला की मोडतो. टिपकागदाच्या घड्यांत ठेवायचा, वर काच ठेवायची, काचेवर हलकं वजन, ते रोज थोडं वाढवायचं. वजन म्हणून मंजिरीनं सहावीचं भूगोलाचं पुस्तक दिलं. ते नको तितकं हलकं निघालं म्हणून वर गणिताचं ठेवलं. सरांनी त्याआधी डोळ्याच्या आणि फेट्याच्या कडेला उचललेले रंगाचे कण डिंकाच्या पाण्यानं एकेक करून बसवले.

काम संपल्यावर मंजिरीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिला काय हवं होतं ते मी फोनवरच ओळखलं होतं.

"मावशी, सर चेहरा काढून देतील का? आई घट बसायच्या आधी येणार आहेत. तोपर्यंत."

आई म्हणजे तिच्या सासूबाई, सिंधुताई. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या पूर्णेला मुलीकडे विश्रांतीला गेल्या होत्या. जाताना देवघर त्यांनी मंजिरीच्या हाती दिलं. नात्यातल्या बायका म्हणाल्या होत्या, नोकरी करणाऱ्या पोरीला हे कसं जमायचं. नणंद सुनीता तर तोंडावर म्हणाली होती, "आई, चार दिवसांत देव परत घ्यावे लागतील तुला." सिंधुताईंनी कुणाचं ऐकलं नव्हतं.

"त्यांनी माझ्यासाठी सगळ्यांशी वाकडं घेतलं," मंजिरी म्हणाली. "आता सुनीताताईंचंच खरं होणार. देव परत घेतील. घेतले तर माझं काही म्हणणं नाही, पण मग मी या घरात पाहुणीच राहीन."

बाहेर आलो तर निखिलनं सरांकडे तोच विषय काढला होता.

"सर, आमच्या घरातली सगळी नाकं सारखीच आहेत. माझं बघून काढा."

सरांनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट बघितलं. "काढता येईल की. पण मग देवघरात तुम्ही बसाल. तुमची बायको रोज तुमची पूजा करायला तयार हाय का, ते विचारा आधी."

मंजिरीला हसू आलं आणि हसता हसता ती परत रडली.

खरं सांगायचं तर माझं मन हललं होतं. सर तो चेहरा असा काढू शकले असते की परक्या माणसाला कळलं नसतं. पण ज्या बाईनं तो चेहरा लग्नापासून रोज पुसला, ती परकी नव्हती. आणि धंद्यातली अडचणही होती: नवा रंग वर चढवला, तर वाळताना तो खालचा उरलेला डोळाही ओढून घेऊन जातो. मी मंजिरीला तेवढंच सांगितलं. "जे उरलंय ते आम्ही टिकवून देऊ. जे गेलं ते गेलं म्हणून तू सांगायचंस."

"तुम्ही समोर बसाल?"

"मी कशाला?"

"पाहुणं माणूस समोर असलं की आई ओरडत नाहीत."

आतापर्यंत मला लोकांनी तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं, वाटणीच्या वेळी तटस्थ साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. ढाल म्हणून पहिल्यांदाच बोलावलं गेलं. मी गेले.

सिंधुताई यायच्या दिवशी सकाळी टिपकागद उघडला तेव्हा हस्तिदंत जवळजवळ सपाट झाला होता. मी तो चौकटीत बसवला, मागे कोरा कागद घातला, सैल कडी आवळली. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. सिंधुताई काठी टेकत आल्या, मागे पिशव्या घेऊन सुनीता. सिंधुताई ठेंगण्या, आवाज मोठा. मला बघून म्हणाल्या, "अगं बाई, शैलाताई, तुम्ही हो कुठून? जेवल्याशिवाय जायचं न्हाई बघा."

पाय धुऊन त्या देवघरासमोर खुर्चीवर बसल्या. टाक लखलखत होते. त्यांनी एक नजर फिरवली.

"देव छान घासलेस गं. आबा कुठंयत?"

मंजिरीनं चौकट त्यांच्या हातात दिली. तिनं काहीतरी पाठ केलं होतं, ते विसरली. "आई, मी त्यांना पण धुतलं. टाकांबरोबर."

"कशानं?"

"चिंचेनं."

सुनीता पुढे आली. "बघू. अगं आई गं. तोंडच न्हाई की." ती मंजिरीकडे वळली. "एवढं शिकलीस, काचेतली वस्तू पाण्यात बुडवू न्हाई एवढं कळंना का?"

"सुने, जरा सरक, उजेड आडवायलीस," सिंधुताई म्हणाल्या. त्यांनी तसबीर खिडकीकडे धरली, जवळ आणली, लांब नेली. मी आयुष्यात बऱ्याच लोकांना वस्तू बघताना बघितलं आहे. कुणी किंमत बघतं, कुणी हक्क बघतं. त्या कुणाला तरी ओळखायचा प्रयत्न करत होत्या. त्यांचे डोळे भरले, आणि आम्ही सगळेच आपापल्या पायांकडे बघू लागलो.

"डोळा राहिलाय," त्या शेवटी म्हणाल्या. "ह्याच डोळ्याचं भ्या वाटायचं मला."

मग त्या माझ्याशी बोलायला लागल्या, मंजिरीशी नाही. "शैलाताई, मी लग्न होऊन आल्ते तवा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ह्यांच्यासमोर उभं केलं. म्हणल्या, कोरड्या फडक्यानंच पुसायचं. पाणी लागलं तर गाठोडं बांधायचं अन् माहेरी जायचं. लई धाकात काढली मी ती वर्षं. तवाच ठरवलं होतं, आपल्या सुनेला असलं कायबी बोलायचं न्हाई. हिला देव दिले, चाव्या दिल्या, हसत दिल्या. धाक घालायचा न्हाई ह्या नादात फडक्याचंच सांगायचं राहिलं."

"तुझं काय चुकलं त्यात, आई?" सुनीता म्हणाली. "विचारायला नको होतं का हिनं? ते काही न्हाई. ह्या घटांपासून पूजा तूच कर परत."

मंजिरीनं मान वर केली नाही. निखिल चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबला होता.

"कशी करू?" सिंधुताईंनी विचारलं. "खाली बसता येतंय का मला? तू येणारेस का पूर्णेहून रोज?"

"मी कशी येऊ?"

"मग बोलायलीस कामून?"

त्यांनी पिशवीतून कापडाची एक घडी काढली. जुन्या धोतराचा तुकडा, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला. माझ्या पिशवीतल्या कुठल्याही फडक्यापेक्षा मऊ. ती घडी आणि तसबीर त्यांनी मंजिरीच्या हातात दिली.

"हे घे. कोरडं पुसायचं, वरून, काचेवरून. आता तूच पूस. आणखी काय जायचंय त्यांचं?"

निखिल हसला आणि लगेच गंभीर झाला. मंजिरी खाली बसली. तिनं फडकं काचेवर ठेवलं आणि इतक्या अलगद फिरवलं की ते काचेला लागलं की नाही, कुणास ठाऊक.

सिंधुताईंनी खुर्चीतून वाकून बघितलं.

"अगं, इतकं भिऊन पुसलं तर धूळ कशी निघायची? नीट पूस."